अंतराळातले मूग अन् चिबड रान

जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात मूग अन् मेथीला मोड आणले. प्रयोग धारवाडचा. चारशे किलोमीटर वरच्या मोडांचे शेतकऱ्याला काय, असे कोणी म्हणेल. पण तिथे रोपे वाढवताना मोठी अडचण पाण्याचीच. वजनच जाणवत नसल्याने पाणी खाली निथरत नाही. मुळांना चिकटून बसते, हवा तुटते, रोप गुदमरते. आपल्या चिबड रानात दुसरे काय होते? तिथे पाणी मोजून देतात. आपण रात्री पाट सोडून घरी जातो. इथे निचऱ्यासाठी गुरुत्वाकर्षण फुकट राबते, पण चर बुजल्यावर तेही काय करणार? ग्रामसभेने चरांचा विषय आधी घ्यावा. विद्यापीठांनीही अशा प्रयोगांचे निष्कर्ष बांधापर्यंत पोचवावेत.