दुकान आपले, पण शोधणाऱ्याला सापडते का?



लागण कितीही चांगली साधली तरी तिची नोंद गट ऑफिसला वेळेवर झाली नसेल तर तोडीचा प्रोग्राम लागत नाही, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. ऊस फडात उभा आहे, रस्त्याकडेला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो आहे. पण स्लिपबॉयच्या वहीत नाव नाही, म्हणजे कारखान्याच्या लेखी तो ऊस नाहीच. आज लिहायचे आहे ते मात्र उसाविषयी नव्हे. आपल्या सभासदांच्या घरांतून गेल्या काही वर्षांत जे लहान-मोठे धंदे निघाले, त्यांतल्या पुष्कळांची गत अशी बिननोंदीच्या उसासारखी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मारुंजीचेच घ्या. शेजारी हिंजवडीला राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले, इमारती सरकत सरकत गावाच्या शिवाराला भिडल्या आणि शेतीवर बसलेली घरे दोन पायांवर उभी राहू लागली. थोरला ऊस-भात बघतो, धाकट्याने खानावळ घातली. कुणी नोकरदार पोरापोरींसाठी खोल्या बांधल्या, कुणी रसवंती, कुणी रोपवाटिका, कुणी फॅब्रिकेशनचे शेड. यात जमिनीचा पैसा गेला आहे, पतसंस्थेचे कर्ज गेले आहे. हे धंदे बसले तर राहिलेली एकर-दीड एकर विकायची पाळी येणार आहे, म्हणून हा विषय या पानावर.

आता गिऱ्हाईक कोण, ते बघा. ते परभणीहून आलेले आहे, इंदूरहून आलेले आहे, कोचीहून आलेले आहे. त्याला गावचा पार ठाऊक नाही आणि मळ्यातली वाटही ठाऊक नाही. नोकरीचा कागद हातात पडला की तिकडूनच तो मोबाइलमध्ये विचारतो, ‘हिंजवडीजवळ राहायला खोली’, ‘जवळची मराठी खानावळ’. वर जी तीन-चार नावे येतात त्यांतच तो निवड करतो. खाली बोट सरकवायची तसदी फार थोडे घेतात. आपण चौकात भला थोरला फ्लेक्स लावतो खरा, पण तो दिसायच्या आत गिऱ्हाइकाचा निर्णय झालेला असतो. शिवाय फ्लेक्सवर धंद्याच्या नावापेक्षा शुभेच्छुकांचेच फोटो जास्त, ते एक सोडा.

ही नावे वर कशी येतात? गूगल ही कंपनी १९९८ साली अमेरिकेत निघाली. तिची यंत्रे जगभरची पाने सतत वाचत असतात, वाचलेल्याची नोंद ठेवतात आणि कुणी काही विचारले की त्या नोंदीतून निवडून क्रम लावतात. क्रम लावण्यामागची मूळ कल्पना आपल्या गावकीतलीच म्हणायची: चार जाणती माणसे ज्याचे नाव घेतात त्याचे वजन जास्त. दुकान-खानावळीसारख्या स्थानिक धंद्याच्या बाबतीत कंपनी स्वतः तीन गोष्टी सांगते. विचारलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, विचारणाऱ्यापासून तो किती लांब आहे, आणि लोकांत त्याचे नाव किती आहे. यातले अंतर आपल्या हातात नाही. बाकी दोन आहेत. त्यासाठी जी खटपट करायची तिला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन असे भारदस्त नाव आहे. पोरं नुसतं ‘एसईओ’ म्हणतात.

पहिली पायरी फुकट आहे, हे ठासून सांगतो. गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद करायला पैसे पडत नाहीत. नाव, पत्ता, फोन, उघडण्या-मिटण्याची वेळ, धंद्याचा प्रकार आणि खरे फोटो एवढे द्यावे लागते. मग कंपनी फोनवरून किंवा व्हिडिओ मागवून खात्री करून घेते. पण इथेच आपले लोक घोटाळा करतात. पाटीवर एक नाव, बिलावर दुसरे, नकाशावर तिसरे. फोन नंबर मागच्या वर्षीचा, नाहीतर पुण्याला शिकणाऱ्या पोराचा आणि तो तासात असतो. काहीजण नावातच ‘हिंजवडीतील सर्वांत स्वस्त व उत्तम’ असे शेपूट जोडतात. ते नियमाविरुद्ध आहे, नोंद बंद पडू शकते. नाव पाटीवरचेच ठेवावे. पत्ता मारुंजीचाच द्यावा, कारण खोट्या पत्त्यावर आलेले गिऱ्हाईक शिव्या घालत परत जाते. मात्र माहितीत ‘हिंजवडीपासून इतके किलोमीटर’ असे जरूर लिहावे. बाहेरचा माणूस मारुंजी हे नाव टाकून शोधत नाही, तो हिंजवडीच टाकतो.

दुसरे, स्वतःचे एखादे साधे पान असावे. पूर्वी याच नोंदीबरोबर गूगल फुकट संकेतस्थळ देत असे. २०२४ च्या मार्चमध्ये कंपनीने ती सगळी बंद केली. दुसऱ्याच्या जमिनीत घातलेली विहीर ती, मालकाने बुजवली तर बोलणार कुणाला? स्वतःच्या नावाचे डोमेन घेतले तर तो आपला सातबारा होतो असे म्हणणार होतो, पण तेही खरे नाही. दरवर्षी पैसे भरून ते चालू ठेवावे लागते, म्हणजे खंडाचीच जमीन म्हणा. तरी ताबा आपला राहतो. त्या पानावर काय लिहावे? गिऱ्हाईक तोंडी जे विचारते ते. डबा घरपोच मिळतो का, महिन्याचे किती, भाकरी ज्वारीची की बाजरीची, रात्री किती वाजेपर्यंत. आणि हे मराठीतही लिहावे.

यावर आमचे जुने सभासद म्हणतील, ‘अहो, माल चांगला असला की गिऱ्हाईक हुडकत येतं.’ माल चांगला पाहिजेच. पण आपल्या मुळशीच्या आंबेमोहरला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिले, आणि तरी हिंजवडीतल्या फ्लॅटमधली बाई मोबाइलवर ‘इंद्रायणी तांदूळ’ टाकते तेव्हा तिला आधी कोण दिसतो? बहुधा मोठा पॅकिंगवाला. पिकवणारा चार किलोमीटरवर बसलेला असतो, तिच्या लेखी तो नसतोच.

आणि न सापडण्याची किंमत आहे. गिऱ्हाईक थेट सापडले नाही तर ते जेवण पोचवणाऱ्या किंवा खोल्या दाखवणाऱ्या कंपनीमार्फत येते, आणि ती मधल्यामध्ये कमिशन कापून घेते. हा अडत्याच झाला, फक्त पेढी मोबाइलमध्ये. एकट्या शेतकऱ्याचे अडत्यापुढे आणि खाजगी कारखानदारापुढे काही चालत नव्हते, म्हणून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला. १९५० साली त्याची चाके फिरली. त्याच सहकाराचे भागधारक म्हणवणाऱ्या आपल्या घरातली पोरं आज पुन्हा अडत्याच्या दारात उभी राहावीत, हे आम्हांस पटत नाही.

एक धोक्याची सूचना देतो. ‘महिन्याला इतके द्या, पहिल्या नंबरची गॅरंटी’ असे सांगत फिरणारे लोक गावोगाव भेटतात. गूगल स्वतःच सांगते की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. पैसे देऊन वर येते ती जाहिरात. तिच्यावर तसा शिक्का असतो आणि पैसे थांबले की तीही उतरते. विकत घेतलेल्या शिफारशींच्या नादाला तर बिलकूल लागू नये. जेवून गेलेल्या माणसाला ‘चार ओळी लिहा’ म्हणावे, वाईट लिहिले तर तिथेच सभ्यपणे उत्तर द्यावे. या कामाला सहा-सहा महिने लागतात. आडसाली लागण करणाऱ्याला एवढी कळ काढता आली पाहिजे.

हे सगळे एकेकट्याने करणे अवघड आहे, विशेषतः घरात शिकलेले पोर नसेल तर. म्हणून संचालक मंडळाला आमची विनंती आहे की, कारखान्याच्या संकेतस्थळावर सभासद-कुटुंबांच्या धंद्यांची गाववार यादी द्यावी: नाव, काम, फोन, नकाशाची खूण. कारखान्यासारख्या जुन्या संस्थेने नाव घेतले की त्या नावाला शोधयंत्राच्या हिशोबातही वजन येते. गट ऑफिसला ऊसनोंदीचे दिवस सरले की तोच कर्मचारी, तीच वही, आणखी एक रकाना. खर्च नगण्य आहे. फक्त प्रत्येक गळिताच्या आधी यादीतला एकेक फोन लावून पाहावा आणि जो लागत नाही तो नंबर काढून टाकावा.