आधी व्हीसीआर, मग कन्व्हर्टर

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की सुरतेतल्या मराठी घरांतून ठरलेली विचारणा येते. माळ्यावर लग्नाच्या कॅसेटी निघाल्या, कन्व्हर्टर कुठला घेऊ? उधना, लिंबायत, डिंडोलीची खानदेशी मंडळी यात पुढे असतात. लग्न नंदुरबारला नाहीतर अमळनेरला लागलेलं, शूटिंगही तिकडच्याच फोटोग्राफरचं. कॅसेट मात्र पंचवीस-तीस वर्षं इथल्या दमट हवेत पडलेली.

माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. कन्व्हर्टर सगळ्यात शेवटी घ्या. पैसे घालायचे ते व्हीसीआरमध्ये.

व्हीएचएसची फीत जेमतेम १२.७ मिलिमीटर रुंद. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या ड्रमवरचं हेड तिच्यावरच्या तिरक्या रेषा वाचत जातं. ते हेड मळलं किंवा झिजलं असेल, तर पुढे कितीही महागडी डबी जोडा, पडद्यावरच्या मुंग्या हटत नाहीत. शिवाय नवा व्हीसीआर आता मिळायचा नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये शेवटचं उत्पादन थांबवलं. म्हणजे जुनाच शोधायचा, आणि चालवून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. गेली तरी चालेल अशी एखादी कॅसेट सोबत न्या. दहा मिनिटं लावा, मागे-पुढे पळवा, मग बाहेर काढून फितीची कड बघा. कड चुरगळली असेल तर विक्रेत्याला रामराम करा. एस-व्हीएचएसचा, एस-व्हिडिओची वेगळी जोडणी असलेला व्हीसीआर मिळाला, तर दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

पण व्हीसीआर हाती आला म्हणून लगेच कॅसेट आत ढकलू नका. खिडकीतून रिळाकडे उजेडात बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी एक कॅसेट लावली की हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेटींनाही लागते. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला. अडाजण-रांदेरकडच्या ज्या कॅसेटी त्या पाण्यात होत्या, त्या वरून कोरड्या वाटल्या तरी फितीच्या थरांत तापीचा गाळ असू शकतो. त्या बाजूला ठेवा आणि कॅसेट उघडून फीत साफ करणाऱ्या माणसाकडेच द्या.

आता मधला दुवा. जुन्या फितीतून येणाऱ्या चित्राच्या ओळी जागच्या जागी राहत नाहीत, मांडवाचे खांब लाटेसारखे हलतात. जुना टीव्ही हे खपवून घ्यायचा. कन्व्हर्टर गोंधळतो, फ्रेमा गाळतो, आणि मंगलाष्टका एकीकडे, भटजींचे ओठ दुसरीकडे! यावर औषध म्हणजे टाइम बेस करेक्टर. तो महाग, दुर्मीळही. मात्र काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरांतून सिग्नल नुसता पुढे नेला तरी चित्र बरंच सावरतं. इतकं झालं की यूएसबीचा साधा कन्व्हर्टरही भागवतो. चित्र ७२० बाय ५७६ ठेवा; रुंद टीव्ही भरावा म्हणून नवरदेवाला आडवा ताणू नका.

हँडीकॅमच्या मिनीडीव्ही कॅसेटींना यातलं काहीच लागत नाही. त्यांत चित्र आधीच डिजिटल असतं. कॅमेऱ्यातून फायरवायरने जसंच्या तसं उतरवायचं, तासाला साधारण १३ जीबी. पिवळ्या वायरीतून घेणं म्हणजे हातचं घालवणं.

आणखी एक. घरोघरी वाटलेल्या कॅसेटी बहुधा कॉपीची कॉपी असतात. यंत्राआधी मामा-काकांना फोन लावा, मास्टर कुणाकडे आहे विचारा. ती मिळाली तर जो फरक पडेल तो कुठल्याच उपकरणाने पडणार नाही.

तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, त्यात पळवाट नाही. त्यामुळे सोसायटीतल्या चार-पाच घरांनी वर्गणी काढून एकच चांगला व्हीसीआर घ्यावा, आळीपाळीने वापरावा आणि काम झालं की पुढच्या गरजूला विकून टाकावा.