दार आणि भिंत

मी मराठीचा मास्तर. पेशीविज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पेशीभोवती स्निग्ध रेणूंची दुपदरी भिंत असते आणि तीत प्रथिनांची दारे. मातीतल्या एका जीवाणूचे पोटॅशियमसाठी असलेले दार रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली उलगडून दाखविले; २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. गंमत पुढेच आहे. शेजारी ऋणभाराचे स्निग्ध रेणू नसले, तर हे दार नीट उघडतच नाही! आपल्या हृदयातल्या अशा काही दारांनाही ऋणभाराचाच, पण निराळा, स्निग्ध रेणू लागतो. अब्जावधी वर्षांत भिंतीचा माल बदलला. दाराची तिच्यावरची भिस्त मात्र कायम राहिली. दिवाळीत तोरण दाराला बांधतात. भिंतीला कोण विचारतो?