'इ. स. १२५' हें आलें कोठून?

ख्रिस्ती शास्त्रग्रंथांच्या प्राचीनत्वाविषयीं लिहिणाऱ्या मंडळींनीं एक सोपी रीत पाडली आहे. मँचेस्टर येथील जॉन रायलंड्स ग्रंथालयांत योहानाच्या शुभवर्तमानाचा एक कपटा आहे. त्याकडे बोट दाखवावयाचें आणि 'हा इ. स. १२५ चा' असें ठासून सांगावयाचें. आमचा आक्षेप या आंकड्यावर आहे.

पपायरस नांवाच्या लव्हाळ्याच्या कागदाचा हा तुकडा तळहाताहूनहि लहान आहे. १९२० सालीं ग्रेनफेल यांनीं तो मिसर देशांत विकत घेतला व १९३५ सालीं सी. एच. रॉबर्ट्स यांनीं प्रसिद्ध केला. आपल्या पोथ्यांच्या अखेरीस पुष्कळदां शक व तिथि सांपडते; येथें तसलें कांहीं नाहीं. मग काल ठरतो कसा? अक्षराच्या वळणावरून! अर्ज, पावत्या, करारपत्रें यांवर बादशहाच्या कारकीर्दीचें वर्ष असतें. त्यांतील अक्षराशीं कपट्याचें अक्षर ताडून पाहावयाचें. रीत शास्त्रीय खरी, पण तिची पोंच किती? एकच लेखक तीस-चाळीस वर्षें एका वळणानें लिहितो आणि तेंच वळण शिष्यालाहि देतो. तेव्हां या परीक्षेंतून नेमकें वर्ष निघत नाहीं. फार तर पन्नास-शंभर वर्षांचा पट्टा निघतो. खुद्द रॉबर्ट्स यांनीं दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध सुचविला होता. त्याचें पुढें '१२५ च्या सुमारास' झालें, आणि मग 'सुमारास' हा शब्दहि गळाला! २००५ सालीं ब्रेंट नाँगब्री यांनीं दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांतील व तिसऱ्याच्या आरंभींचे कागद पुढें मांडून, तशाच वळणाचीं अक्षरें तेव्हांहि लिहिलीं जात होतीं, असें दाखविलें. तरी १२५ चा जप चालूच आहे.

एकोणिसाव्या शतकांत ट्युबिंगेनच्या बौर यांनीं चौथें शुभवर्तमान दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांत ढकललें होतें. त्यांस उत्तर द्यावयाचें म्हणून हा अट्टाहास. परंतु प्रतिपक्षहि कांहीं कमी नाहीं. नाँगब्री यांनीं उत्तरकालाची शक्यता नाकारतां येत नाहीं एवढेंच म्हटलें. यांनीं लगेच 'कपटा तिसऱ्या शतकाचाच' अशी दवंडी पिटली. ज्याला पट्ट्याचें जें टोंक सोयीचें तें त्यानें धरलें.

कर्बाच्या परीक्षेचें नांव काढणारांनीं 'येशूची पत्नी' म्हणून गाजलेला तुकडा आठवावा. २०१२ सालीं तो पुढें आला. कागद जुना निघाला, लेखन मात्र अलीकडचें बनावट! लव्हाळा केव्हां कापला तें कर्ब सांगतो. शाई केव्हां लागली तें सांगत नाहीं.

याहून वाईट प्रकार मार्काच्या शुभवर्तमानाचा. २०१२ सालींच डॅनियल वॉलेस यांनीं अमेरिकेंत एका जाहीर वादांत पहिल्या शतकांतील तुकडा सांपडल्याचें सांगितलें. तुकडा कोणीं पाहिला नव्हता, तरी भाविकांच्या पुस्तकांतून व व्याख्यानांतून तो पुरावा म्हणून वावरूं लागला. अखेर २०१८ सालीं ऑक्सिरिंकस पपायरसांच्या मालेंत तो छापला गेला, आणि संपादकांनीं काल दिला तो दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याचा आरंभ. मध्यंतरीं सहा वर्षें गेलीं होतीं. ज्यांनीं तोंवर तो पुरावा म्हणून ऐकला, त्या श्रोत्यांपैकीं किती जणांच्या घरीं ही दुरुस्ती पोंचविण्याची तसदी त्या व्याख्यात्यांनीं घेतली, हें त्यांनींच सांगावें.