वेष कुणाचा, चेहरा कुणाचा?

आमच्या ऑफिसात अकाउंट्सला एक मुलगी आहे. सोमवार ते शुक्रवार एकदम सरळमार्गी. कुर्ता, डबा, एक्सेल शीट. पण कॉमिक कॉन आलं की ती नारुटो होते. केशरी जॅकेट, पिवळा विग, कपाळावर पट्टी, गालांवर तीन-तीन रेघा. परवा कँटीनमध्ये तिने जाहीर केलं, "मला या वेषात माझं ऑइल पेंटिंग करून घ्यायचंय. जुन्या राजेलोकांची असतात ना, तसं. अगदी खरंखुरं."

झालं, टेबलावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, चित्र नारुटोचं होणार, तुझं कुठे? दुसरी म्हणे, नाक हिचं, डोळे हिचे, मग चित्रही हिचंच. मी आपला गपचूप वरणभात कालवत होतो. डोक्यात मात्र आमचं बिलोली सुरू झालं होतं.

बिलोली म्हणजे नांदेड जिल्ह्याचं तेलंगणाकडचं टोक. लहानपणी आमच्या दारात बहुरूपी यायचा. अंगात खाकी, तोंडात शिट्टी, हातात कागदांचं भेंडोळं. थेट आजीवरच वॉरंट बजावायचा! आजीला सगळं माहीत असायचं, तरी ती घाबरल्यासारखं करायची आणि मग सुपातून ज्वारी आणायची. मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही खरे कोण?" आजीने डोळे वटारले, "असं इचारू नये."

तेव्हा कळलं नाही, आता थोडं कळतं. कॉस्प्ले करणाऱ्याला आपण बक्षीस देतो, त्याच्याबरोबर सेल्फी काढतो. आणि १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात मात्र गाऊन, नाचून, खेळ करून पैसे मागणंही भीकच ठरतं. सोंग दोघांचंही. एकाचा छंद, दुसऱ्याचं पोट. आमच्या बहुरूप्याचं तैलचित्र काढायचं कुणाच्या मनातही आलं नसेल.

असो. आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पुण्यातच आहे, जंगली महाराज रस्त्यावर. १९६८ साली सुरू झालेल्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी चित्रकार गोपाळ देऊस्करांनी बालगंधर्वांची दोन पूर्णाकृती तैलचित्रं केली. एकात ते पुरुषवेषात, दुसऱ्यात स्त्री भूमिकेत. (आमच्या भागासाठी एक कौतुकाची गोष्ट: हे देऊस्कर निजामाच्या शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आलेले. आणि आमचं बिलोली तेव्हा निजामाच्याच राज्यात.)

नाटकाच्या गडबडीत आपण अशा चित्रांवरून नुसती नजर फिरवतो. पण वास्तववादी तैलचित्राची गंमत अशी, की ते कुणाचीच भीड ठेवत नाही. तेलरंग सावकाश वाळतो, त्यामुळे चित्रकाराला थरावर थर चढवत कातडीचा रंग, डोळ्यांखालची सावली, ओठांची कड जुळवता येते. जर जरीसारखी दिसली पाहिजे आणि त्वचा त्वचेसारखी. म्हणजे विग हा विगच दिसणार आणि त्याखालचं कपाळ आपलंच. वेष आणि माणूस दोघंही एकाच चौकटीत, कुणी कुणाला झाकत नाही.

आता १९११ मधली एक गोष्ट. 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. ते भामिनी होऊन उभे राहिले. त्या रात्री स्टेजवर कोण होतं? भामिनी, की मुलगी गमावलेला बाप? मला वाटतं, दोघंही होते. प्रेक्षकांना एकच दिसत होती, एवढंच.

आणि पुरुषवेषातल्या चित्राला आपण 'खरे बालगंधर्व' म्हणायला जातो, तेही गडबडीचंच. मूळ नाव नारायण श्रीपाद राजहंस. 'बालगंधर्व' हे लोकांनी चढवलेलं नाव, लोकमान्य टिळकांनी दिलं असं सांगतात. म्हणजे चारचौघांत मिरवायचं तेही एक रूपच की!

आता माझीच चोरी सांगतो. पुण्यात पहिल्या नोकरीत माझ्या तोंडून "काय करायलास?" निघालं आणि अख्खी टीम हसली. वाईट हेतू नव्हता कुणाचा. पण त्या दिवसापासून मी माझ्या भाषेला इस्त्री केली. आईचा फोन आला की उठून जिन्यात जायचं, बिलोलीचं बोलायचं आणि परत येताना पुणेरी होऊन यायचं. गळ्यात आय-कार्ड होतंच. माझी ओळख पटवायला तेवढं पुरेसं होतं म्हणा!

शेवटी मी मैत्रिणीला सांगितलं, "दोन चित्रं काढून घे. एक नारुटो, एक कुर्ता आणि आय-कार्ड घालून."

"म्हणजे एक वेषातलं आणि एक खरं?"

"नाही गं. दोन्ही वेषातली. आणि दोन्ही खरी."

ती विचारात पडली. तेवढ्यात माझा फोन वाजला. आई. सवयीने मी खुर्ची मागे सरकवली, आणि मग परत पुढे घेतली.

"हां आई, जेवायलोय. तू काय करायलीस?"

टेबलावर कुणी हसलं नाही. अकाउंट्सवाली तेवढी माझ्याकडे बघत होती, नवीन कुणीतरी भेटल्यासारखी.