पार्टचे पैसे देता, डोक्याचे का नाही?

गाळप हंगामात बारामतीहून इंदापूरला निघालेली गाडी भवानीनगरच्या आसपास उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली, की क्लचची खरी परीक्षा सुरू होते. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. आठवड्यापूर्वीच ‘नवीन क्लच’ टाकलेल्या गाडीचं पेडल नेमकं इथे मऊ पडतं, गिअर करकरतो आणि मालक गॅरेजवाल्याला शिव्या घालायला लागतो. माझं म्हणणं एवढंच, की त्यातल्या निम्म्या शिव्या त्याने स्वतःसाठी राखून ठेवाव्यात.

का, ते समजायला आधी यंत्र समजून घेऊ. हायड्रॉलिक क्लचमध्ये केबल नसते. पेडल दाबलं की वरच्या मास्टर सिलेंडरमधलं ऑइल पाइपातून खालच्या स्लेव्ह सिलेंडरवर दाब देतं. त्या दाबाने बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेट सुटते आणि इंजिन व गिअरबॉक्सचा संबंध तुटतो. शाळेत पाठ केलेला पास्कलचा नियम तो हाच. द्रव दबत नाही म्हणून जोर पुढे पोचतो. हवा मात्र दबते. पाइपात एअर शिरली किंवा सिलेंडरमधला रबरी वॉशर दाब धरेनासा झाला, की पाय तळाला टेकतो पण क्लच पूर्ण सुटत नाही.

म्हणजे दुखणी दोन आहेत आणि त्यांची लक्षणं उलटी आहेत. प्लेट झिजली की क्लच घसरतो. चढावर इंजिन ओरडतं, पण गाडी वेग घेत नाही. हायड्रॉलिक बिघडलं की क्लच सुटत नाही. बंद गाडीत गिअर सहज पडतो, चालू गाडीत पडत नाही. पेडल तीन-चार वेळा पंप केलं आणि गिअर पडला, तर संशय आधी ऑइल, एअर आणि सिलेंडरवर घ्यायचा. मोकळ्या सपाट जागेत पहिला गिअर टाकून पेडल दाबून धरलं आणि गाडी हळूहळू पुढे सरकू लागली, तर दाब कुठेतरी निसटतोय. बाटलीतली ऑइलची पातळी, पेडलमागचा ओलेपणा आणि खालच्या सिलेंडरचं रबर बघायला फार वेळ लागत नाही.

तरीही ‘गिअर पडत नाही’ म्हटलं की गिअरबॉक्स खाली उतरतो आणि प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा अख्खा सेट बदलला जातो. वर गंमत अशी, की गाडी बरीही होते! कारण काम करताना ऑइल भरलं जातं, एअर काढली जाते. ‘चालतंय ना?’ ‘चालतंय.’ बिल चुकतं होतं. गळका वॉशर जिथल्या तिथेच असतो. तो आठवडाभरात पुन्हा एअर ओढतो.

याला फसवणूक म्हणणं सोपं आहे. काही ठिकाणी ती असतेही. पण काही गाड्यांत स्लेव्ह सिलेंडर गिअरबॉक्सच्या आतच बसवलेला असतो, तिथे गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नसतो. आणि व्यवहाराकडे बघा. मेकॅनिकने अर्धा तास तपासून सांगितलं, ‘प्लेट चांगली आहे, फक्त वॉशर किट टाकू,’ तर आपण त्या अर्ध्या तासाचे किती देतो? ‘नुसतं बघितलंस त्याचे कसले पैसे?’ हे वाक्य आपलंच आहे. तपासणीला शून्य आणि पार्टला हजारो असा दर आपणच ठरवल्यावर तो पार्टच विकणार. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी गाड्या बनतात. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो शिकून आलेल्या पोराच्या डोक्याला मात्र आपल्या हिशेबात रकानाच नाही.

गाडी कंपन्याही सोवळ्या नाहीत. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू न दिल्याबद्दल. पुढे अपिलं झाली. केंद्राने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं. पण माहितीचा हक्क मागणारा ग्राहकच माहितीची किंमत द्यायला तयार नसेल, तर त्या हक्काचा गॅरेजच्या दारात उपयोग काय?

‘क्लचच आहे, ब्रेक तर नाही ना,’ असं कुणी म्हणेल. अनेक गाड्यांत दोन्हींचं ऑइल एकाच बाटलीतून जातं. क्लचसाठी म्हणून त्यात चुकीचं, खनिज तेलाचं ऑइल ओतलं, की रबर फुगतं आणि ते ब्रेकचंही असू शकतं. सोलापूर हायवेवर ऐंशीच्या वेगात ही बाब किरकोळ राहत नाही.

म्हणून पुढच्या वेळी गाडी लावताना ‘किती होतील?’ हा पहिला प्रश्न विचारू नका. ‘कशावरून?’ असं विचारा. तपासणीचे पैसे वेगळे द्या, मग पार्ट बदलला जावो वा न जावो. जुना पार्ट हातात मागा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर दोष काय होता ते लिहून घ्या. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेणाऱ्याला नंतर ग्राहक आयोगात दाखवायला काहीच उरत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीविरुद्ध दाद मागता येते, पण सेवा घेतली हे आधी सिद्ध करावं लागतं. शेवटी टेस्ट ड्राइव्ह गॅरेजच्या गल्लीत नको, गर्दीत घ्या. इंजिन तापल्यावर, वारंवार गिअर बदलत.

‘चालतंय ना?’ या प्रश्नाला ‘का बंद पडलं होतं?’ हा प्रतिप्रश्न विचारायची सवय लागली, तर चांगला मेकॅनिक टिकेल आणि वाईट उघडा पडेल. नाहीतर दोघांचं बिल सारखंच येत राहील.