घरातले नेट कोणाच्या नावावर?



रेशनकार्ड, सातबारा, गॅसचे पुस्तक, विजेचे बिल यांवर कोणाचे नाव आहे, हा प्रश्न आपण इतकी वर्षे प्रत्येक शिबिरात विचारत आलो. आता या यादीत आणखी एका वस्तूची भर घालायला हवी, ती म्हणजे घरातल्या इंटरनेटची डबी.

डबी म्हणजे बिनतारी मोडेम. कोणी त्याला हॉटस्पॉट म्हणते, कोणी नुसतेच वायफाय. पूर्वी लॅपटॉपच्या कडेला खोचायचे डोंगल असे, ते बहुधा नोकरदार पुरुषाच्या बॅगेत. २०१६ च्या सुमारास खिशात मावणाऱ्या डब्या स्वस्त झाल्या आणि २०२३ पासून ‘एअरफायबर’सारख्या सेवांनी फाइव्ह-जीचे वेगवान नेट तारेशिवाय घरात आणायला सुरुवात केली. खिशातल्या डबीचे काम साधे आहे. आत एक सिमकार्ड असते. ती मोबाईलच्या टॉवरचा सिग्नल घेते आणि घरातल्या आठ-दहा फोनना वाटते. बॅटरी असल्याने वीज गेली तरी काही तास चालते. रेंजच नसेल त्या पाड्यावर मात्र तिचा उपयोग शून्य, हे विकणारा सांगत नाही.

एवढ्याशा डबीवर संपादकीय कशाला? कारण आमच्या समुपदेशन केंद्रात ती वरचेवर येऊ लागली आहे. घरी शिलाईकाम करणाऱ्या एका बाईचा नवरा कामावर जाताना डबी बरोबर घेऊन जातो. त्याला बाहेर तिची गरज नसते, त्याच्या फोनवर नेट आहे. बाईच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, थोरल्या मुलीचा अकरावीचा अभ्यास नेटवर. सबंध दिवस दोघी शेजारच्यांच्या मेहरबानीवर. तो मारत नाही, पैसेही देतो. त्यामुळे तक्रार काय म्हणून करायची, हेच तिला कळत नव्हते. दुसऱ्या एका घरात प्रत्येक भांडणानंतर पासवर्ड बदलतो आणि बायकोने माफी मागितली की पुन्हा मिळतो. तिसऱ्या घरात सासऱ्यांना मोडेमच्या सेटिंगमध्ये कोणाचा फोन जोडलेला आहे ते पाहता येते, आणि सुनेचा तेवढा बंद करता येतो.

जुन्या काळी टेलिफोनच्या तबकडीला छोटे कुलूप घालत, ते आपल्यातल्या वयाने मोठ्या मैत्रिणींना आठवत असेल. किल्ली कोणाकडे असे, हे सांगायला नको. ते कुलूप निदान दिसत तरी होते!

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात इंटरनेट हा शब्द नाही. पण कलम ३ मध्ये आर्थिक छळाची जी व्याख्या आहे, तिच्यात घरातल्या नात्यामुळे ज्या साधनांवर आणि सोयींवर बाईचा हक्क आहे त्यांच्यापासून तिला रोखणे, हेही येते. घरातले नेट ही अशीच सोय आहे, असे आमचे म्हणणे आहे. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते १० फोन जमा करण्याची सक्ती तिने मानली नव्हती, म्हणून तिला वसतिगृहातून काढले होते. इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. वसतिगृहाला जे लागू, ते घराला आपोआप लागू होत नाही, हे खरे. पण युक्तिवाद उभा करायला ही जमीन पुरेशी आहे. म्हणून संरक्षण अधिकाऱ्यांकडे घटना अहवाल भरताना कार्यकर्तीने मारहाण, खर्चाला पैसे न देणे यांबरोबर हेही विचारावे: नेट कोणाच्या ताब्यात आहे, कधी बंद केले, त्यामुळे तुझे कोणते काम बुडाले? लिहिलेच नाही तर न्यायाधीशांपुढे येणार कसे?

काही मैत्रिणी म्हणतील, पिण्याच्या पाण्याला दोन मैल चालावे लागते तिथे वायफायच्या गप्पा कसल्या? आक्षेप जुना आहे. बाईच्या प्रत्येक मागणीच्या आधी आणखी महत्त्वाचे काहीतरी असतेच. पण सरकारनेच अर्ज, हजेरी, हप्ता असे सारे नेटवर नेल्यावर नेट ही चैन उरत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. बायकांत हे प्रमाण ३३ टक्के. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट फोन सरकारला परत केले, ते काही चैनीसाठी नव्हे. तर ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी २०२५ मध्ये जी ई-केवायसी आली, तिच्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या फोनवरचा ओटीपी मागितला गेला. परित्यक्तांनी तो कोणाकडे मागायचा? इथे बाईच्या हातात स्वतःची डबी असूनही ती अडतेच. हा प्रश्न यंत्राचा नाही, योजना आखणाऱ्यांच्या डोक्याचा आहे.

तरीही डबी स्वतःची असलेली बरी, आणि तीही गटाची. दोन-तीन हजारांचे यंत्र आणि तीन-चारशेचा रिचार्ज एकटीला जड जातो, दहाजणींना नाही. (कंपन्यांचा महिना बहुधा २८ दिवसांचा असतो. पाळीचा हिशेब त्यांना कोणी शिकवला कोण जाणे, पण त्यामुळे वर्षाला १३ रिचार्ज भरावे लागतात, हे जमाखर्च मांडताना लक्षात ठेवावे.) सिम व्यक्तीच्या ओळखपत्रावर मिळते, आणि त्यावरून काही गैर झाले तर चौकशी तिच्याकडे येते. म्हणून कोणाच्या नावाने घेतले, डबी कोणाकडे राहील, पासवर्ड कोणाला दिला हे गटाच्या इतिवृत्तात लिहावे. डबीच्या मागच्या चिठ्ठीवर छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आपल्या नावावर घरच्या कोणी परस्पर सिमे घेतली आहेत का, हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, अवश्य पाहावे.

एक मात्र जपून. ज्या घरात जिवाला धोका आहे तिथल्या बाईला नवी डबी घरी न्यायला किंवा पासवर्ड बदलायला सांगू नये. संशयी माणसाला तेवढे निमित्त पुरते. तिने गटाच्या जागी येऊन वापरावे, आणि घरच्या वायफायला जोडलेल्या फोनवरून मदत शोधू नये. १८१ आणि ११२ या क्रमांकांना साध्या फोनवरून, नेटशिवाय फोन लागतो, हे प्रत्येकीला तोंडपाठ हवे.

आमच्या माहितीतल्या एका बचत गटाने अशी डबी घेतली. कोणाच्या घरी ठेवायची यावर दोन बैठका गेल्या. सरपंचाची बायको म्हणाली आमच्याकडे, पण बाकीच्यांनी ठरवले की मुलीसह एकट्या राहणाऱ्या सभासदाकडे ठेवायची, कारण तिच्या ओट्यावर बसताना कोणाची परवानगी लागत नाही. संध्याकाळी सात-आठ मुली तिथे अभ्यासाला येतात. हल्ली गावातले दोन-तीन मुलगेही पासवर्ड मागायला येऊ लागले आहेत. त्यांना द्यायचा का, आणि दिला तर वर्गणी किती घ्यायची, यावर गटात अजून एकमत झालेले नाही.